हगामा उठल्यावर

७ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती संपली. निकाल निसटता, ३-२. हर्षवर्धन सदगीर जिंकला, लातूरचा शैलेश शेळके हरला. पुढच्याच क्षणी जिंकलेल्या मल्लानं हरलेल्या मल्लाला खांद्यावर उचलून घेतलं. दोघंही वस्ताद काका पवारांचे पठ्ठे. एकाच तालमीत राहायचे, रोज एकमेकांचा घाम काढायचे. गदेच्या फोटोपेक्षा लोकांच्या लक्षात राहिला तो हा खांद्यावरचा फोटो.

सदगीर तेव्हा नाशिक जिल्ह्याकडून खेळला होता. त्याचं गाव मात्र कोंभाळणे, तालुका अकोले, म्हणजे नगर जिल्हा. डोंगराच्या कुशीतलं, भाताच्या खाचरांचं हे गाव तोवर महाराष्ट्राला माहीत होतं ते देशी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांच्यामुळे. त्याच जानेवारीत राहीबाईंना पद्मश्री जाहीर झाली. एका महिन्यात एका आदिवासी पट्ट्यातल्या लहानशा गावाला एक पद्मश्री आणि एक चांदीची गदा मिळाली. असा योग राज्यातल्या किती गावांच्या वाट्याला आला असेल?

पण नगरचा मुलगा नाशिककडून का खेळला? कुस्तीसाठी त्याला घर सोडावं लागलं, हे त्याचं साधं उत्तर. अकोल्याहून तो आधी नाशिकजवळच्या भगूरला बलकवडे व्यायामशाळेत गेला आणि तिथून पुण्यात काका पवारांच्या संकुलात. नगर जिल्ह्यातल्या गुणी पोरांची वाट पिढ्यान्‌पिढ्या अशीच राहिली आहे. गावच्या जत्रेत कुस्ती लागते, एखाद्या वस्तादाची नजर पडते आणि पोरगा पुणे किंवा कोल्हापूरच्या तालमीत वळकटी घेऊन दाखल होतो. नगर जिल्हा क्षेत्रफळानं महाराष्ट्रात सगळ्यांत मोठा. त्यानं मल्ल पुष्कळ दिले, पण त्यांची भाकरी बहुतेक वेळा दुसऱ्या गावच्या चुलीवर भाजली गेली.

कोल्हापूरची गोष्ट वेगळी होती. तिथं शाहू महाराज होते. १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचं प्राचीन क्रीडागार पाहून आलेल्या या राजानं खासबागेचं मैदान उभारलं, देशभरातले मल्ल पदरी ठेवले, तालमींना खुराक बांधून दिला. नगरला निजामशाही होऊन गेली, पुढे इंग्रजांची छावणी आली. पण पैलवान पोसणारा संस्थानिक इथं नव्हता. इथल्या कुस्तीला राजाश्रय मिळाला नाही, गावाचा आश्रय मिळाला. त्या आश्रयाचं नाव हगामा.

हा शब्द नगरकडच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. मूळ फारसी 'हंगामा', म्हणजे गर्दी, गलका. मराठीत त्याचा अर्थ झाला जत्रेतलं कुस्त्यांचं मैदान. पश्चिम महाराष्ट्रात 'फड' किंवा नुसतं 'मैदान' म्हणतात. नगर, बीड, नाशिकच्या पट्ट्यात जत्रेच्या पत्रिकेवर छबिना, पालखी, तमाशा यांच्या खाली ठळक अक्षरांत छापलेलं असतं, 'कुस्त्यांचा जंगी हगामा'. होळी झाली, गहू-हरभरा घरात आला, की गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि चैत्र-वैशाखभर हगामे चालतात. शेतकऱ्याच्या हातात चार पैसे असतात, रान मोकळं असतं, माणूस मोकळा असतो.

हगाम्याचं अर्थशास्त्र गावानंच बसवलेलं आहे. घरटी वर्गणी गोळा होते. गावाबाहेर एखादं वावर नांगरून, ढेकळं फोडून, पाणी मारून मऊ केलं जातं. हलगी सुरू झाली की आधी उतरतात लंगोट सावरणारी सात-आठ वर्षांची पोरं. त्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर. रेवड्यांच्या कुस्त्या झाल्या की पैशांच्या कुस्त्या लागतात. गावचे जुने पैलवान दोन पोरांचे हात धरून त्यांना आखाड्यात फिरवतात, उंची-वजन लोकांना दिसू देतात आणि कुणी म्हणालं 'जोड बसत नाही' की पोरं बदलतात. ही जोड लावण्याची रीत नीट पाहण्यासारखी आहे. तिथं वजनकाटा नसतो. वस्ताद दंडाला हात लावून, मान दाबून अंदाज घेतो, आणि भोवतीनं बसलेल्या शेकडो लोकांची नजर त्या अंदाजावर पंच म्हणून बसलेली असते.

मग आकडे चढत जातात. एकावन्न, एकशे एक, पाचशे एक. पुकारणारा माईकवरून देणगीदाराचं नाव घेतो. एखादी चटकदार कुस्ती झाली, कुणी ढाक लावून जोडीदाराला अस्मान दाखवलं, तर जिंकलेला पोरगा गर्दीतून फेरी मारतो आणि लोक त्याच्या हातात दहा-वीसच्या नोटा कोंबतात. कुणी फेटा बांधतो. उन्हं उतरताना शेवटची मानाची कुस्ती लागते. त्या दोघा पैलवानांची नावं आठ दिवस आधीच पत्रिकेवर असतात, आणि ते बहुधा बाहेरगावच्या नामांकित तालमीतले असतात. कुस्ती निकाली झाली तर जिंकणाऱ्याला चांदीचं कडं किंवा गदा. वेळ संपूनही निकाल नाही लागला तर पंच ती बरोबरीत सोडवतात आणि इनाम वाटून देतात.

पाश्चात्त्य जगात इनामासाठी लढणारा माणूस म्हटला की मुष्टियोद्धा डोळ्यांसमोर येतो. आपल्याकडे ती जागा पैलवानाची. ऑलिंपिकचे नियम, हौशी-व्यावसायिक हा भेद, हे सगळं फार नंतर आलं. त्याच्या कितीतरी आधीपासून गावोगावचे हगामे करत, इनामावर खुराक चालवत जगणारा पैलवान हा मराठी मुलखातला खरा व्यावसायिक खेळाडू होता. हंगामात मिळवायचं आणि वर्षभर खायचं. खायचं तरी काय? दूध, तूप, बदामाची थंडाई, अंडी, मटण. शेतकरी घरातून एक पोरगा तालमीत धाडायचा म्हणजे एका म्हशीचं दूध कायमचं त्याच्या नावानं बांधून द्यायचं. त्यात त्याचे दोन हात शेतातून कमी झाले ते वेगळेच.

या व्यवसायाला कीडही लागली. तेच दोन पैलवान या गावी, त्या गावी पुन्हा पुन्हा लढायचे आणि कोण कुठं पडणार हे गाडीतच ठरायचं. त्याला नुरा कुस्ती म्हणतात. गावकऱ्यांना ती लगेच कळते. आखाड्यातून 'चला, उठा' असा आवाज येतो तो त्यामुळेच. नुरा कुस्ती लबाडी आहे यात शंका नाही. पण ती करणाऱ्याकडे एकदा नीट पाहायला हवं. उद्या गुडघा गेला तर परवाच्या खुराकाचे पैसे कुठून आणायचे, या भीतीतून पुष्कळ कुस्त्या नुरा झाल्या.

पैलवानाचं भरतीचं वय असतं तरी किती? अठराव्या वर्षी मिसरूड फुटल्यावर नाव होऊ लागतं आणि तिशीच्या पुढे नव्या दमाची पोरं अंगावर येऊ लागतात. मधली दहा-बारा वर्षं, ती सगळी धरली तर. मेहनत सुटते, भूक सुटत नाही. रोज हजारभर बैठका मारणाऱ्या शरीराला दोन वर्षांत बसून राहण्याची सवय लागते, वजन वाढतं, जुने मार बोलू लागतात. फुटलेले कान मात्र तसेच राहतात. कुठल्याही बाजारात, एसटीच्या कुठल्याही रांगेत म्हातारा पैलवान त्या कानांवरून ओळखू येतो.

म्हणून पैलवानाचा दुसरा जन्म कसा जातो, हा प्रश्न पहिल्याइतकाच मोलाचा आहे. सदगीरच्या गदेच्या मागे गेलं तर त्याचं एक सुंदर उत्तर सापडतं.

सदगीरचे गुरू काका पवार. अर्जुन पुरस्कार मिळवलेले लातूर जिल्ह्यातले मल्ल. आणि काका पवारांचे गुरू हरिश्चंद्र बिराजदार. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे बिराजदार १९६९ साली लातूरच्या अधिवेशनात महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७२ मध्ये हिंद केसरी. १९७७ ला बेळगावात त्यांनी दिल्लीच्या सतपालला हरवलं, त्या कुस्तीची आठवण जुने शौकीन आजही डोळे मिटून सांगतात. लंगोट उतरवल्यावर हे नाव विकून खाणं त्यांना अवघड नव्हतं. पण त्यांनी पुण्याची गोकुळ वस्ताद तालीम धरली आणि आयुष्याची उरलेली वर्षं पोरं घडवण्यात घातली. काका पवार तिथं घडले, पुढे जागतिक स्पर्धेत पदक मिळवणारा राहुल आवारेही त्यांच्याच हाताखालून गेला. २०११ मध्ये बिराजदार गेले. त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी त्यांच्या पठ्ठ्याच्या दोन पठ्ठ्यांनी बालेवाडीत अंतिम कुस्ती खेळली आणि एकानं दुसऱ्याला खांद्यावर घेतलं. अकोल्याच्या डोंगरातल्या पोराच्या यशात मराठवाड्यातल्या एका हिंद केसरीचं उत्तरायुष्य असं मुरलेलं आहे.

कोल्हापुरातही हेच घडलं. १९५९ चे पहिले हिंद केसरी श्रीपती खंचनाळे आणि १९६० चे गणपतराव आंदळकर हे दोघंही पुढे वस्ताद झाले. आंदळकरांची न्यू मोतीबाग तालीम ही तर मल्लांची खाणच. आपल्या कुस्तीत जिंकलेल्या माणसाला म्हातारपणी मान मिळतो तो पदकाहून जास्त पठ्ठ्यांवरून.

पण प्रत्येकाच्या नशिबी तालीम येत नाही.

खाशाबा जाधवांची गोष्ट नगरच्या वाचकाला नवीन नाही, तरी ती इथं टाळता येत नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ ला लंडनमध्ये सहावा आला आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन परतला. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. परतल्यावर कऱ्हाडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. दीडशेवर गाड्या होत्या असं सांगतात. खाशाबांनी मग काय केलं? कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशांतून प्राचार्यांचं कर्ज फेडलं. पदक जिंकून आलेला माणूस देशाचं देणं फेडत होता, आणि देशाला त्याची गंधवार्ता नव्हती.

१९५५ मध्ये ते पोलिसात फौजदार म्हणून लागले. बढती वर्षानुवर्षं रखडली; सहायक आयुक्तपद मिळालं ते निवृत्ती तोंडावर आल्यावर. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी. ही उपेक्षा कुणा एका अधिकाऱ्याची चूक म्हणून सोडून देता येणार नाही. खेळाडू लढतो तेवढाच काळ त्याचा, ही समजूत तेव्हा सगळ्या समाजाची होती.

ही समजूत फक्त आपली नाही. अमेरिकेचा ज्यो लुई १९३७ ते १९४९ अशी बारा वर्षं मुष्टियुद्धाचा जगज्जेता होता. युद्धकाळात त्यानं लढतींचा पैसा सैन्याच्या निधीला दिला, आणि नंतर कराच्या थकबाकीनं तो असा पिचला की १९५६ मध्ये पैशांसाठी त्याला व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात उतरावं लागलं. शेवटी लास व्हेगासच्या एका कॅसिनोत तो आल्या-गेल्याचं स्वागत करायला उभा असे. आपल्या पंजाबचे कौर सिंग यांनी १९८० मध्ये दिल्लीत साक्षात महंमद अलीबरोबर प्रदर्शनीय लढत केली आणि १९८२ च्या एशियाडमध्ये सुवर्णपदक जिंकलं. उतारवयात त्यांना आजारपणासाठी कर्ज काढावं लागल्याच्या बातम्या आल्या तेव्हा कुठं लोकांना त्यांची आठवण झाली.

महाराष्ट्रात गेल्या पंधरा वर्षांत काही गोष्टी बदलल्या, आणि त्या मनापासून मान्य करायला हव्यात. डिसेंबर २०१४ मध्ये नगरच्या वाडिया पार्क मैदानावर चाळीसगाव तालुक्यातला विजय चौधरी पहिल्यांदा महाराष्ट्र केसरी झाला. पुढची दोन वर्षंही गदा त्याच्याकडेच राहिली. पुढे तो पोलीस दलात थेट उपअधीक्षक म्हणून रुजू झाला. त्याच्या आधी २०११ पासून सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव आणि नंतर राहुल आवारे यांनाही अशीच थेट नेमणूक मिळाली. खाशाबा ज्या खात्यात बढतीची वाट पाहत राहिले, त्याच खात्यात आजचा मल्ल अधिकारी म्हणून पाऊल टाकतो. जानेवारी २०२३ च्या पुण्याच्या स्पर्धेत माजी महाराष्ट्र केसरी आणि हिंद केसरींचं मासिक मानधन चार हजारांवरून पंधरा हजार आणि वयोवृद्ध खेळाडूंचं अडीच हजारांवरून साडेसात हजार करण्याची घोषणा झाली. ही भीक नव्हे. ज्यांनी जत्रा गाजवल्या त्यांचं हे मागे राहिलेलं येणं आहे.

तरीही ही सोय शिखरावर पोचलेल्यांची झाली. केसरी वर्षाला एकच होतो. त्याच्याशी झुंजणाऱ्या, हगाम्यात शेवटून दुसरी, तिसरी कुस्ती खेळणाऱ्या शेकडो पैलवानांचं काय? कोल्हापूर-सांगलीकडच्या काही साखर कारखान्यांनी मानधनधारक मल्लांची पद्धत पाडली आणि त्यातून पुष्कळ घरं सावरली. नगर ही तर सहकाराची जन्मभूमी. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला तो स्वातंत्र्यानंतर लगेच, आणि मग जिल्हाभर धुराडी उभी राहिली. ऊस पिकवणाऱ्या हातांत आणि आखाड्यात उतरणाऱ्या हातांत इथं फार अंतर कधीच नव्हतं. मानधनाची ती रीत या जिल्ह्यात घट्ट रुजायला हवी होती.

२०२५ चं वर्ष नगरच्या कुस्तीला विसरता येणार नाही. जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव मिळून काही महिनेच झाले होते. २ फेब्रुवारीला वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीचा शेवटचा दिवस होता. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळनं शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. राक्षेला तो मान्य नव्हता. पाठ टेकलीच नाही, असं त्याचं म्हणणं. वाद पेटला आणि राक्षे पंचांच्या अंगावर गेला. मग गदेसाठीच्या अंतिम कुस्तीतही सोलापूरचा महेंद्र गायकवाड निर्णयाच्या निषेधात मैदान सोडून गेला. मोहोळला गदा मिळाली, राक्षे आणि गायकवाड यांच्यावर तीन-तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. पंचावर हात-पाय उगारणं चूकच, त्याला माफी नाही. पण दहा-बारा वर्षांच्या कारकिर्दीतून तीन वर्षं वजा झाली तर काय उरतं, याचा हिशेब कुठल्याही तालमीतलं पोर सांगेल. निर्णय चित्रफितीवर पुन्हा तपासण्याची सोय अचूक आणि सगळ्यांना दिसेल अशी असती, तर त्या दिवशीचा पुष्कळ अनर्थ टळला असता.

त्याच वर्षी मार्चअखेर, याच जिल्ह्यात, कर्जतला दुसरी महाराष्ट्र केसरी भरली. राज्यात कुस्तीच्या दोन संघटना, एक कुस्तीगीर संघ आणि दुसरी कुस्तीगीर परिषद. म्हणून गदाही दोन. कर्जतला सोलापूर जिल्ह्याचा वेताळ शेळके जिंकला. एका जिल्ह्यानं दोन महिन्यांत दोन महाराष्ट्र केसरी पाहिले. प्रेक्षकांना पर्वणी झाली, पण त्या दोन मल्लांपैकी उद्या मानधनाच्या आणि नोकरीच्या रांगेत खरा कोण मानला जाणार? संघटनांच्या भांडणाची किंमत अशी पैलवानाच्या उत्तरायुष्यातून वसूल होते.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली. तिची दखल मात्र पुरेशी घेतली गेली नाही. मार्च २०२३ मध्ये सांगलीत प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, आणि २०२५ मध्ये तो मान श्रीगोंदे तालुक्यातल्या भाग्यश्री फंडनं नगरकडे आणला. ज्या हगाम्यात बायका लांब घराच्या माळवदावरून कुस्ती पाहायच्या, त्या मुलखातली पोरगी आता गदा उचलते. तिच्या पुढच्या चाळीस वर्षांची तरतूद आजच करायची संधी आपल्या हातात आहे.

राहता राहिला गावचा हगामा. सरकार, संघटना, कारखाने यांनी करायचं ते करावंच. पण ज्या गावाच्या वर्गणीवर नगरची कुस्ती जगली, त्या गावानं आणखी एक काम अंगावर घ्यावं. प्रत्येक जत्रेत दोन-चार म्हातारे पैलवान पंच म्हणून बोलावले जातात, त्यांना नारळ आणि फेटा दिला जातो. चैत्रातल्या पत्रिका छापायला जातील तेव्हा यात्रा कमिट्यांनी वर्गणीतला थोडा भाग बाजूला काढून गावच्या जुन्या मल्लांच्या औषधपाण्यासाठी कायमचा निधी उभा करावा, आणि शेवटच्या कुस्तीच्या इनामाखाली त्याचा आकडा पत्रिकेवर छापावा.